विमा आहे हो, पण कुणाचा?

पहाटे सव्वातीनला फोन वाजला. अशा अवेळी फोन वाजला की आधी माहेरच आठवतं. पण फोन आमच्या बचत गटातल्या एकीचा होता. ती घरगुती डबे देते, बसस्टँडमागच्या एका अपार्टमेंटमध्ये पहिल्या मजल्यावर राहते. "ताई, खाली पार्किंग पेटलंय. जिन्यात नुसता धूर आहे. काय करू?" मागे गटाच्या मेळाव्यात नगरपालिकेच्या अग्निशमनवाल्यांनी सांगितलेलं तेवढं मला आठवलं. जिन्यात उतरू नको, दार लावून घे, खालच्या फटीत ओली चादर कोंब, मुलांना घेऊन बाल्कनीत उभी राहा. तिनं तसंच केलं. पंचवीस मिनिटांत बंब आला आणि माणसं सगळी सुखरूप राहिली. यापुढे मी जे लिहिणार आहे ते गाड्यांबद्दल आणि पैशांबद्दल आहे. पण ते लिहायची फुरसत मिळाली ती माणसं वाचली म्हणूनच, हे आधी सांगते.

सकाळी सातला आम्ही दोघी-तिघी तिथे पोचलो. जिन्याखालच्या मीटरच्या फळीपासून थेट फाटकापर्यंत अकरा दुचाक्या आणि दोन चारचाक्यांचे सांगाडे उभे होते. प्लास्टिक वितळून फरशीवर त्याची काळी साय धरली होती. डबेवालीच्या स्कूटीला अडकवलेली पिशवी जळून गेली होती, आतले स्टीलचे चार डबे तेवढे काळेठिक्कर पडून शिल्लक होते. ती ते डबे पदरानं पुसत होती. काहीतरी धीर द्यायचा म्हणून मी म्हटलं, "अगं, विमा असेल ना?" ती म्हणाली, "आहे की ताई. पाच वर्षांचा आहे. अजून दोन वर्षं बाकी आहेत." तिलाही बरं वाटलं, मलाही वाटलं. आम्हा दोघींनाही काही कळत नव्हतं, हे आता कबूल करते.

दुपारी ओळखीच्या एका एजंटानं तिची पॉलिसी मोबाइलवर उघडून पाहिली आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, पाच वर्षांचं आहे ते थर्ड पार्टी. गाडीचा स्वतःचा विमा एकाच वर्षाचा होता. तो दोन वर्षांपूर्वी संपला."

मैत्रिणींनो, हे नीट समजून घेऊ या, कारण तुमच्यापैकी अनेकींच्या घरात हाच कागद आहे. गाडीच्या पॉलिसीत दोन वेगवेगळे विमे एका पाकिटात घातलेले असतात. पहिला थर्ड पार्टी. कराराचा पहिला पक्ष आपण, दुसरा विमा कंपनी, आणि तिसरा पक्ष म्हणजे आपल्या गाडीमुळे ज्याचं नुकसान झालं तो रस्त्यावरचा परका माणूस. हा विमा त्या परक्यासाठी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार तो सक्तीचा आहे, नसला तर पोलीस पावती फाडतात. दुसरा विमा म्हणजे ओन डॅमेज, आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. आग, स्फोट, चोरी, पूर, दंगल, कुणी खोडसाळपणे गाडी पेटवली तर ते, एवढंच काय, गाडी आपोआप पेटली तर तेही यात येतं. हा विमा मात्र ऐच्छिक. दोन्ही एकत्र असले की त्याला आपल्याकडे 'फुल्ल इन्शुरन्स' म्हणतात.

आता पाच वर्षांची गंमत. रस्त्यावर बिनविम्याच्या गाड्या फार, आणि अपघातग्रस्तांना भरपाई मिळत नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आणि १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना थर्ड पार्टीचा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यायचा, चारचाकीला तीन वर्षांचा, असा नियम झाला. हेतू चांगलाच होता. पण ओन डॅमेज बहुतेक वेळा एकाच वर्षाचा दिला जातो. २०२२ साली सरकारने ठरवलेल्या दरानुसार आपल्या नेहमीच्या स्कूटीसारख्या, ७५ ते १५० सीसीच्या नव्या गाडीला पाच वर्षांच्या थर्ड पार्टीचे ३,८५१ रुपये पडतात, कर वेगळा. ही रक्कम शोरूममध्ये गाडीच्या किमतीतच मिसळून जाते. मग मोठ्या अक्षरात दिसतं काय, तर पाच वर्षांनंतरची तारीख. घरी येऊन आपण सांगतो, पाच वर्षं आता बघायला नको. आणि खरंच कुणी बघत नाही.

हे फक्त आमच्या गावात घडतं असं नाही. २३ फेब्रुवारी २०१९ ला बंगळूरजवळ येलहंका इथे हवाई दलाच्या तळावर एअरो इंडियाचं प्रदर्शन चालू होतं. शनिवार असल्याने लोक कुटुंबासकट विमानं बघायला गेले होते. भर दुपारी पार्किंगच्या मैदानातलं वाळलं गवत पेटलं, वारा होता, आणि बघता बघता जवळजवळ तीनशे गाड्या खाक झाल्या. जीवितहानी झाली नाही हे नशीब. संरक्षण मंत्र्यांनी जाऊन पाहणी केली, चौकशी लागली, जळालेल्या कागदपत्रांच्या नकला मिळाव्यात म्हणून परिवहन खात्यानं मदतकक्ष उघडला. एवढी मोठी घटना, सरकारी जागा, सगळ्या देशाचं लक्ष. तरीही पहिला प्रश्न तोच आला, पॉलिसी कोणती आहे? फुल्ल इन्शुरन्सवाल्यांना कंपनीकडे जायची वाट होती. नुसती थर्ड पार्टी असलेल्याला आपल्या कंपनीकडे मागायला काही नव्हतं, कारण त्यानं ते विकतच घेतलं नव्हतं. गाडी नवी की जुनी, मालक गरीब की श्रीमंत, चूक कुणाची, याचा तिथे काही संबंध नव्हता.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्या अपार्टमेंटमधल्या दोन्ही चारचाक्यांचा विमा फुल्ल होता. पुरुष वापरतात त्या तीन मोटरसायकलींपैकी दोहोंचा होता. आणि बायका वापरतात त्या आठ स्कूट्यांपैकी फक्त एकीचा! मी घरोघरी विचारलं. उत्तरं साधारण एकाच सुरातली. "तिची गाडी काय, बाजारापर्यंत आणि शाळेपर्यंत." "लांब कुठे नेते ती?" एका वहिनींनी स्वतःच सांगितलं, "मीच म्हटलं, कशाला उगीच हजार रुपये." आपल्याला वाटतं, गाडी जितकी जास्त फिरेल तितका धोका जास्त. अपघाताच्या बाबतीत ते बरोबर असेल. पण आपली गाडी चोवीसातले बावीस तास उभीच असते, आणि त्या पहाटे जळाल्या त्या सगळ्या उभ्या गाड्या होत्या. शिवाय 'बाजारापुरती' म्हणायची ती गाडी काय काय ओढते ते बघा. चाळीस डबे, दोन मुलांची शाळा, सासूबाईंचा दवाखाना, गॅस एजन्सी, बँक. ती बंद पडली की घर बसतं. तिचाच विमा आपण आधी कापतो.

जिचा फुल्ल विमा होता ती दुसऱ्या मजल्यावरची नर्स. तिच्यामुळे आम्हाला पुढचा रस्ता कळला, आणि तो काही सरळ नव्हता. पहिला घोळ दुसऱ्याच दिवशी. सोसायटीचे काका (सोसायटी म्हणजे काय, तर महिन्याला तीनशे रुपये गोळा करणारे हे काका, कारण नोंदणी अजून झालेलीच नाही) भंगारवाल्याला घेऊन आले. घाण साफ करून टाकू, वास येतोय, म्हणाले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण जळालेली गाडी विमा कंपनीच्या सर्वेक्षकाने पाहण्याआधी हलली, तर पुढे सगळा वाद होतो. आम्ही फाटकात उभ्या राहिलो आणि भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवला.

तिनं त्याच दिवशी कंपनीच्या फोनवर कळवून दावा क्रमांक लिहून घेतला. पोलीस ठाण्यात अकस्मात जळिताची नोंद आणि पंचनाम्याची प्रत, अग्निशमन दलाचा दाखला, वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले फोटो, चासी नंबरचा फोटो. पेटलेल्या गाडीची नंबर प्लेट ओळखू येत नाही, तेव्हा ती गाडी तुमचीच हे चासी नंबरच सांगतो. आर.सी. बुक आणि पॉलिसी गाडीच्या डिकीत होती, म्हणजे राखच झाली होती. आपण सगळ्याच जणी कागद डिकीत ठेवतो, नाही का? पण मूळ कागद जळाले म्हणून दावा बुडत नाही. आर.सी.ची नक्कल आर.टी.ओ. देते, पॉलिसीची प्रत कंपनीकडे असतेच. कागद नाहीत या कारणावरून दावा नाकारता येणार नाही, असं विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ साली कंपन्यांना स्पष्ट बजावलं आहे. त्याच वेळी मुदतीही घालून दिल्या आहेत. कळवल्यापासून चोवीस तासांत सर्वेक्षक नेमायचा, त्यानं पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा, आणि अहवालानंतर सात दिवसांत कंपनीनं काय तो निर्णय सांगायचा.

पैसे किती मिळतात? इथे बऱ्याच जणी दुखावतात. गाडी रस्त्यावर आणायला पडले तेवढे नाही मिळत. पॉलिसीवर आय.डी.व्ही. म्हणून एक आकडा असतो, तो बघा. कंपनीच्या छापील किमतीतून गाडीच्या वयाप्रमाणे घट वजा करून तो ठरतो. नोंदणीचा आणि विम्याचा खर्च त्यात धरत नाहीत. गाडी सहा महिने ते एक वर्षाची असेल तर १५ टक्के घट, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५० टक्के. म्हणजे ८० हजारांची स्कूटी तिसऱ्या वर्षी ५६ हजारांची. दुरुस्तीचा खर्च या आकड्याच्या पाऊण पटीहून जास्त निघाला की गाडी पूर्ण गेली असं धरतात आणि आय.डी.व्ही.ची रक्कम देतात, दुचाकीला त्यातून शंभर रुपये सक्तीची वजावट. गाडी थोडीच जळाली असेल तर दुरुस्तीचं बिल मिळतं, पण प्लास्टिक, रबर आणि बॅटरीचं अर्धंच. आणि स्कूटीत प्लास्टिकशिवाय असतं काय! ही कपात नको असेल तर थोडे जास्त पैसे भरून 'झिरो डेप' घेता येतं. डिकीतला रेनकोट, पर्स, भाजी, हेल्मेट यांचं काही मिळत नाही.

नर्सच्या गाडीवर बँकेचं कर्ज होतं, चौदा हप्ते बाकी. गाडी जळाली म्हणून हप्ता थांबत नाही, हे तिला माहीत होतं. पण विम्याचे पैसे आधी बँकेकडे जाणार, हे तिला नव्यानं कळलं. पॉलिसीवर बँकेचं नाव असतं, त्यामुळे बँकेचं देणं भागून उरेल ते आपलं. तिला हातात अठरा हजार आले. ती एवढंच म्हणाली, "निदान कर्ज तरी जळालं." डबेवालीच्या बाबतीत उलटं झालं. गाडी गेली आणि कर्ज राहिलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बाईंचं दुखणं वेगळंच होतं. त्यांची गाडी यजमानांच्या नावावर होती, आणि यजमान जाऊन दीड वर्ष झालं होतं. दरवर्षी कुणीतरी ऑनलाइन पैसे भरून विमा चालू ठेवायचं, मृत माणसाच्याच नावाने. पॉलिसीधारक गेल्यावर ती पॉलिसी वारसासाठी फक्त तीन महिने चालते, किंवा मुदत आधी संपली तर तोवर. तेवढ्यात गाडी आणि विमा दोन्ही स्वतःच्या नावावर करून घ्यायचे असतात. सुतकातून उठून आर.टी.ओ.त कोण जाणार, हे मला समजतं. पण बाईंनी पेन्शनचे आणि बँकेचे कागद तर तेराव्यानंतर लगेच केले होते, गाडीचं मात्र कुणीच सुचवलं नाही. जुनी गाडी विकत घेतानाही हीच गोम आहे. गाडी आपल्या नावावर झाली की थर्ड पार्टीचा भाग कायद्याने आपोआप आपल्याकडे येतो. ओन डॅमेजचा येत नाही, त्यासाठी चौदा दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलावं लागतं. भावाची, दिराची, मैत्रिणीची गाडी 'घरातच आहे' म्हणून जुन्याच नावावर चालवणाऱ्या कितीतरी जणी मला माहीत आहेत.

मग उरलेल्यांचं काय? चार दिवसांनी गच्चीवर बैठक झाली. भरपाई सोसायटीनं द्यावी, बिल्डरनं द्यावी, वीज कंपनीनं द्यावी, असे तीन पक्ष पडले. चौथा पक्ष तळमजल्यावरच्या एका तरुणाच्या मागे लागला, कारण त्यानं रात्री बॅटरीची गाडी चार्जिंगला लावली होती. त्याची आई रडायला लागली. पंचनाम्यात आग मीटरच्या फळीपाशी सुरू झाल्याचं लिहिलं होतं, तरी अजूनही दोन घरं तिच्याशी बोलत नाहीत. पैशाच्या नुकसानीपेक्षा हे नुकसान मला मोठं वाटतं, आणि त्याला कुठलीच पॉलिसी नाही.

कायद्यात नुसतं 'तुमच्या जागेत आग लागली' एवढं पुरत नाही. कुणाचा तरी हलगर्जीपणा होता हे दाखवावं लागतं. मीटरच्या फळीतून ठिणग्या उडतात असं कुणी आधी लेखी कळवलं होतं का? काकांना तोंडी सांगितलं होतं, सगळ्यांनीच. लेखी एकीनेही नाही. तोंडी सांगितलेलं आगीबरोबर जातं. दोन ओळींचा अर्ज आणि त्यावर पोचेची सही असती तर आज काहीतरी हातात असतं.

आग जर खरोखरच एखाद्या गाडीतून, तिच्या मालकाच्या चुकीनं लागली, तर त्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्याकडे मागणी करता येते. अशा वेळी 'परका माणूस' आपण असतो. उभ्या गाडीला हे लागू होतं का, असा वाद पूर्वी झाला आहे आणि तो आपल्याच महाराष्ट्रातल्या एका आईनं जिंकला आहे. ऑक्टोबर १९८७ मध्ये पुणे-बंगळूर महामार्गावर सातारा जिल्ह्यात पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकून रस्त्याकडेला कलंडला. चार तासांनी, सकाळी, सांडलेल्या पेट्रोलचा भडका उडाला आणि तिथे जमलेल्यांपैकी काही जण गेले. त्यात तिचा मुलगा होता. टँकर तर तेव्हा चालत नव्हता, मग ही 'वाहनाच्या वापरातली' दुर्घटना कशी, असं समोरच्यांचं म्हणणं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९१ मध्ये न्यायालयानं सांगितलं की उभी असलेली, बंद पडलेली गाडीसुद्धा वापरातच धरायची. भरपाई होती १५ हजार रुपये. त्या काळीही ती रक्कम फार नव्हती, पण त्या बाईच्या चिकाटीचा उपयोग पुढे कितीतरी जणांना झाला. अर्थात मालमत्तेच्या नुकसानीला मर्यादा आहे, दुचाकीच्या पॉलिसीत एक लाख आणि चारचाकीच्या साडेसात लाख. सोसायटीचं पार्किंग ही सार्वजनिक जागा आहे का, यावरही कंपन्या भांडतात. म्हणजे वाट आहे, पण काट्याकुट्यांची.

पैसे घेऊन गाडी सांभाळणाऱ्यांची गोष्ट वेगळी. स्टँडवर, मंगल कार्यालयात, हॉटेलात पावतीच्या मागे छापलेलं असतं, गाडी मालकाच्या जबाबदारीवर. ती ओळ वाचून आपण गप्प बसतो. दिल्लीच्या ताज महाल हॉटेलात १९९८ साली एका पाहुण्यानं गाडीची किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिली आणि गाडी चोरीला गेली. हॉटेलनं पावतीवरची हीच ओळ पुढे केली. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला की किल्ली घेऊन गाडी ताब्यात घेतलीत, तर तिची वाजवी काळजी घेणं तुमचं काम आहे, आणि स्वतःच्या हलगर्जीपणाची जबाबदारी अशी छापील ओळ दाखवून झटकता येणार नाही. ते प्रकरण चोरीचं होतं, आणि किल्ली दिलेली होती. नुसती जागा दाखवून 'लावा तिकडे' म्हणणाऱ्याला ते जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणत नाही. पण पावती फाडून फेकू नका. तिचा एक फोटो काढून ठेवायला काय जातं?

आणि सोसायटीनं इमारतीचा विमा काढला असता तर? सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये आग आणि भूकंपाचा विमा काढायला सांगितलेलं आहे. पण तो इमारतीचा. जळालेल्या भिंती, वायरिंग त्यातून होईल, आपल्या गाड्या नाही. तरी तो काढाच, कारण पुन्हा रंग आणि वायरिंगसाठी प्रत्येक घराकडून आता साडेअकरा हजार मागितले जात आहेत, ज्यांची गाडी गेली त्यांच्याकडूनही.

त्याहून तातडीचं एक. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे मुंबईत गोरेगावला एका पुनर्वसन इमारतीत अशीच आग लागली. तळमजल्यावर ठेवलेले कापडाचे गठ्ठे आणि उभ्या गाड्या पेटल्या, धूर जिन्यातून वर चढला आणि किमान सात जणांचा जीव गेला. आपल्या अपार्टमेंटचा जिना आठवून बघा. मीटरची फळी, तिला टेकून गाड्या, मागे कुणाची गादी, कुणाच्या सायकली, दिवाळीचे खोके. ते सगळं उतरण्याच्या एकमेव वाटेवर. हे हलवायला ना एजंट लागतो ना वकील. रविवारची एक सकाळ लागते आणि थोडा वाईटपणा घ्यायची तयारी.

डबेवालीच्या हाती काही लागलं नाही. तिची काही चूक होती का? पाच वर्षांची तारीख वाचून विश्वास ठेवला, एवढीच. शोरूममधल्या मुलानं एका वाक्यात सांगितलं असतं, 'काकू, वर्षानंतर हे परत काढा,' तर त्याचं काय बिघडलं असतं? सप्टेंबर २०१९ पासून थर्ड पार्टी चालू असताना नुसता ओन डॅमेज वेगळा विकत मिळतो, कुठल्याही कंपनीचा. मध्ये खंड पडला असेल तर कंपनी गाडी पाहते किंवा फोटो मागवते, मग देते. हे सांगायला एजंट आपण होऊन येत नाहीत, स्कूटीत त्यांना कमिशन ते किती मिळणार!

ज्यांच्याकडे विमा असून कंपनी टाळाटाळ करते, त्यांनी मात्र गप्प बसू नये. आधी कंपनीच्याच तक्रार कक्षाला लेखी कळवायचं. महिन्याभरात उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येतं. आपल्या राज्यात पुण्याला आणि मुंबईला त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकीलही लागत नाही. नियामक प्राधिकरणाचा १५५२५५ हा फोनही तक्रारीसाठीच आहे. आमच्या नर्सला पहिल्यांदा सांगितलेली रक्कम सहा हजारांनी कमी होती. तिनं 'हिशेब लेखी द्या' एवढंच पत्र टाकलं, तर आकडा सुधारून आला.

महिन्याच्या बैठकीत आम्ही सगळ्यांना गाडीची पॉलिसी घेऊन यायला सांगितलं. एकोणीस जणींनी आणली. तेरा जणींचा ओन डॅमेज संपलेला होता, त्यातल्या अकरा जणींना ते माहीत नव्हतं. चौघींच्या गाड्या दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर. त्या दिवशी हळदीकुंकू बाजूलाच राहिलं.

डबेवालीला गटानं कर्ज दिलं आणि तिनं गेल्या आठवड्यात जुनी स्कूटी घेतली. विकणारा म्हणत होता, कागद सावकाश करू वहिनी, कुठे पळून जातोय. तिनं आधी त्याला आर.टी.ओ.त नेलं, सह्या घेतल्या, मग उरलेले पैसे दिले. रात्री दहा वाजता माझ्या मोबाइलवर तिनं नव्या पॉलिसीचा फोटो पाठवला. एका ओळीभोवती पेनानं गोल केलेला होता आणि खाली लिहिलं होतं, "ताई, ओन डॅमेजची तारीख हीच ना?"